ब्रीचेसवाले गुंडोअण्णा

गुंडोअण्णांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती १९५४ साली. मी तेरा वर्षांची होते आणि माझा रंगप्रवेश दोन महिन्यांवर आला होता. रंगप्रवेश म्हणजे नृत्य शिकणाऱ्या मुलीचा पहिला जाहीर कार्यक्रम. नाच तयार होता, तयार नव्हता तो कपडा.

त्या आधीच्या दसऱ्याला शाळेच्या कार्यक्रमात माझी फजिती झाली होती. आईने मला नऊवारीसारखं काष्ट्याचं पातळ घट्ट नेसवलं होतं, दहा-बारा टाचण्या लावल्या होत्या. तरी तिसऱ्या मिनिटाला काष्टा सुटला. एका हाताने पातळ धरून आणि दुसऱ्या हाताने मुद्रा करून मी कसाबसा नाच संपवला. पुढच्या रांगेतल्या मुली तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. घरी आल्यावर मी आईला सांगून टाकलं, "मला नाचायचंच नाही."

शिवलेला पोशाख तेव्हा बंगळुरात नुकता दिसायला लागला होता. चिकपेठेतल्या एका शिंप्याने मला लेंग्यासारखं काहीतरी शिवून दिलं. उभं राहिलं की छान दिसायचं. पण आमच्या नाचात उभं कोण राहतं? गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून अर्धं खाली बसायचं, आणि त्याच बैठकीत तासभर पाय आपटायचे. पहिल्याच बैठकीला तो लेंगा मांडीत टरकला.

माझे वडील रघुपतीराव तारखात्यात होते. आम्ही मल्लेश्वरमला राहायचो. घरात मराठी, दारात कन्नड, असं आमचं तीनशे वर्षांचं चाललेलं. वडिलांना, म्हणजे अप्पांना, कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, की शिवाजीनगरात एक भावसार शिंपी आहे, पूर्वी लष्करी साहेबांच्या ब्रीचेस शिवायचा. "घोड्यावर बसायच्या विजारी शिवणारा माणूस. त्याला तरी विचारून बघू," अप्पा म्हणाले.

बस बाजारापाशी थांबली. भांड्यांची दुकानं, पत्रे ठोकणारे, बिर्याणीचा वास, या सगळ्यातून आम्ही एका अरुंद गल्लीत शिरलो. दुकान म्हणजे एक खोली. एक मशीन, एक लांब टेबल, आणि मधोमध एक लाकडी घोडा. खरोखरचा घोडा नव्हे. चार पाय, वर ओंडका आणि त्यावर चामड्याचं जुनं खोगीर. साहेब लोक ब्रीचेस घालून त्याच्यावर बसायचे आणि अण्णा गुडघ्याजवळची शिवण तपासायचे. साहेब विलायतेला गेले, त्याला सात वर्षं झाली होती. आता त्या खोगिरावर शाळेच्या अर्ध्या चड्ड्यांचा ढीग पडला होता.

गुंडोअण्णा पन्नाशीचे होते. बुटके, अंगात बंडी, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीच्या कडेला टोचलेल्या तीन-चार सुया. अप्पांनी काम सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"नाही रायरे. मी बायकांचं शिवत नाही. गडीमाणसाचंच शिवतो." रायरे म्हणजे कन्नडात रावसाहेब.

"अहो, एकदा बघा तरी."

"काय बघू? घागऱ्याचं काम वेगळं, ब्रीचेसचं वेगळं."

मला काय वाटलं कोण जाणे. मी चपला काढल्या, परकर वर खोचला आणि दुकानाच्या मधोमध अर्ध्या बैठकीत बसले. टाचा जुळवलेल्या, गुडघे दोन बाजूंना, पाठ ताठ. अण्णा बोलता बोलता थांबले. टेबलामागून बाहेर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि नुसते गुडघ्यांकडे बघत राहिले.

"असं किती वेळ बसतीस?"

"तास. दीड तास."

"आणि वर उठून परत खाली?"

"हो. आणि उड्या पण."

ते उठले. खोगिरावरच्या चड्ड्या त्यांनी टेबलावर ढकलल्या. अप्पांकडे वळून म्हणाले, "रायरे, ही पोर घोड्याशिवाय घोड्यावर बसतीया. हे मला जमेल."

मला त्यांनी त्या खोगिरावर बसवलं, फीत काढली आणि मापं घेतली. मापं घेऊन झाल्यावर म्हणाले, "आता नाच कुठं चालतो ते सांगा. बघितल्याशिवाय कात्री लावणार नाही."

पुढच्या रविवारी ते आमच्या नाचाच्या वर्गात हजर झाले. आमचे मास्तर तापट, काठीने ताल धरायचे. दाराशी बसलेला टोपीवाला माणूस मध्येच हात वर करून म्हणाला, "ते डाव्या पायाचं परत एकदा." मास्तरांनी डोळे वटारले. अण्णांना त्याचं काही नाही. हातात खडू, समोर पाटी, आणि पाटीवर पायाच्या रेघा. तिसऱ्यांदा त्यांनी थांबवलं तेव्हा मास्तर कन्नडमध्ये ओरडले, "तुम्ही शिंपी आहात की परीक्षक?" अण्णा शांतपणे म्हणाले, "उद्या रंगमंचावर कपडा फाटला तर लोक तुम्हाला हसणार नाहीत, मला हसतील. स्वल्प सहन करा." मास्तरांनी काठी उचलली आणि मला ते परत करायला लावलं. त्या दोघांची दोस्ती तिथूनच सुरू झाली असावी.

पहिला पोशाख त्यांनी मांजरपाटाचा शिवला, निव्वळ चुका करून बघण्यासाठी. मांड्यांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा तिरका जोडला. ब्रीचेसमध्ये तो असायचाच. गुडघ्यापाशी सैल, पोटरीशी घट्ट. पुढे निऱ्यांचा पंखा, बैठक घेतली की उघडणारा आणि उठलं की मिटणारा. तो पंखा त्यांनी चार वेळा उसवला. पाचव्यांदा मी बसले, उठले, उडी मारली, गिरकी घेतली. काही सुटलं नाही, काही ओढलं नाही. आपल्या अंगावर कपडा आहे हेच मी विसरले. तो विसर म्हणजे काय सुख असतं, हे एका हाताने पातळ धरून नाचलेल्या मुलीलाच कळेल.

खरा पोशाख करायचा तर रेशीम हवं. नवं रेशीम घेण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती. आईने तिचा लग्नातला धर्मावरम शालू काढला, अंजिरी, जरीकाठी. पण दुकानात पाठवायला तिचा जीव होईना, म्हणून अण्णाच मल्लेश्वरमला घरी आले. सतरंजीवर शालू पसरला. अण्णांनी आधी त्याला हात लावून नमस्कार केला, मग आईला म्हणाले, "अनुसूयाअक्का, तुम्ही आत जाऊन कॉफी करा. हे बघू नका."

आई गेली नाही. "कापा. मी बघते," म्हणाली. कात्रीचा पहिला आवाज झाला तेव्हा तिने डोळे मिटले आणि दुसऱ्या आवाजाला उघडले. अण्णांनी काठाचा एक बोटभर तुकडाही वाया घालवला नाही. उरलेल्या पदराची त्यांनी आईसाठी चोळी शिवून आणली, न सांगता. आई ती चोळी हळदीकुंकवाला घालायची आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "माझं लग्न अर्धं माझ्या अंगावर आहे, अर्धं वसूच्या." वसू म्हणजे मी.

रंगप्रवेश चांगला झाला. त्याबद्दल मी इथे सांगत बसत नाही. गंमत पुढे कळली. अण्णा सगळ्यात मागच्या रांगेत बसले होते. मी विचारलं, "कसा झाला नाच?" तर म्हणाले, "उजवीकडची तिसरी निरी स्वल्प उशिरा मिटते." पुढची सात वर्षं त्यांनी माझा नाच असाच बघितला. कंबरेच्या खाली.

त्या एका पोशाखाने त्यांचं दुकान पुन्हा चालू लागलं. मास्तरांच्या सगळ्या मुली त्यांच्याकडे, मग जयनगर-बसवनगुडीच्या मुली, मग म्हैसूरच्या. अठ्ठावन्न साली मास्तरांनी आमचा सहाजणींचा संच बांधला आणि आम्ही बाहेरगावी कार्यक्रम करू लागलो. पोशाखांचं बघायला अण्णाच येऊ लागले. माझी आई सगळ्या मुलींची रखवालदार म्हणून यायची.

मला देश दिसला तो त्या प्रवासांत. हुबळी, सोलापूर, नागपूर, काशी, कलकत्ता. तिसऱ्या वर्गाचा डबा, लाकडी बाकं, पोशाखांच्या तीन पत्र्याच्या ट्रंका आणि त्यांवर झोपणारे अण्णा. ट्रंका नजरेआड होऊ द्यायच्या नाहीत म्हणून ते बाकावर झोपतच नसत. आई स्टेशनावरच्या नळाचं पाणी आणून स्टोव्हवर उप्पीट करायची. कॉफीच्या डिकॉक्शनची बाटली घरून भरून घेतलेली असायची, ती गुंटकलला संपायची आणि त्यानंतर मिळेल त्या चहावर सगळ्यांची तोंडं वाकडी व्हायची.

अण्णांना कुठलीच भाषा धड येत नव्हती, कन्नड आणि घरची मराठी सोडली तर. पण डब्यात त्यांचं कधी अडलं नाही. समोरच्या माणसाचं बटण तुटलेलं दिसलं की टोपीतली सुई काढायची आणि नुसता हात पुढे करायचा. एकदा नागपूरच्या पुढे एका म्हाताऱ्या शीख सैनिकाचा कोट त्यांनी असा खांद्यापासून नीट केला. म्हाताऱ्याने कोट उलटा करून शिवण बघितली आणि काहीतरी विचारलं. अण्णांना त्यातला 'कॅव्हलरी' एवढा एकच शब्द कळला. त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवून ब्रीचेसचा आकार काढून दाखवला. पुढचे चार तास ते दोघे एकमेकांची भाषा न कळता घोड्यांविषयी बोलत होते. काशीला आम्ही घाटावर गेलो, तेव्हा गंगेपेक्षा अण्णांना तिथल्या विणकरांचे माग बघण्यात जास्त गोडी. एका विणकराने त्यांना जरीच्या काठाचा हातभर तुकडा भेट दिला. तो त्यांनी बायकोला, चंद्राबाईंना नेऊन दिला. चंद्राबाई स्वतः कधी कोलारच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

पुण्याचं मात्र सांगायला पाहिजे, कारण त्यात माझी चूक आहे.

एकोणसाठ साली आमचा पुण्यात कार्यक्रम होता. अण्णा आठ दिवस आधीपासून खुशीत होते. "पुट्टी, आपल्या माणसांत चाललोय," असं मला म्हणायचे. पुट्टी म्हणजे कन्नडात लहान मुलगी. मी अठरा वर्षांची झाले तरी त्यांची पुट्टीच. नवा सदरा शिवून घातला होता. नाट्यगृहात पोचल्यावर ते तिथल्या व्यवस्थापकाकडे गेले आणि आपल्या मराठीत म्हणाले, "स्वल्प इस्त्री पायजे हुती. डिरेसं मुदडल्यात."

तो माणूस वाईट नव्हता. पण तो हसला, आणि बाजूच्या दोघांना हाक मारून म्हणाला, "अहो, या इकडे, यांचं मराठी ऐका. काका, परत एकदा म्हणा ना! तुम्ही कानडी का?"

"आम्ही मराठीच," अण्णा म्हणाले.

"हे मराठी?"

सगळे हसले. आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. वडिलांनी मला मासिकं वाचायला देऊन माझी भाषा जरा पुस्तकी करून ठेवली होती, त्याची मला त्या क्षणी मिजास वाटली. अण्णांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. इस्त्री मिळाली. पोशाख नेहमीसारखे चकचकीत तयार झाले. पण पुण्याच्या दोन दिवसांत ते मराठीतला एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशीसुद्धा कन्नडमध्ये बोलले. घरी परतल्यावर पुन्हा पहिल्यासारखे वागू लागले. मी मात्र त्यांच्यासमोर बसले की तो प्रसंग आठवून ओशाळी व्हायचे. माफी मागायला तोंड उघडत नव्हतं.

दोन वर्षांनी, एकसष्टच्या पौषात, आम्ही कुंभकोणमला कार्यक्रमाला गेलो. दुसऱ्या दिवशी मोकळा वेळ होता. मास्तर नातेवाइकांकडे गेले. आई, मी आणि अण्णा तंजावरचं मोठं देऊळ बघायला गेलो. सकाळी आठची वेळ, दगड अजून गार होते. आमचं बोलणं ऐकून तिथला एक वयस्क पुजारी थांबला. "रायर?" त्याने विचारलं. तिकडे मराठी माणसाला रायर म्हणतात. मग खूण करून त्याने आम्हाला मागच्या ओवरीत नेलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतभर अक्षरं कोरलेली होती. मी जवळ गेले. देवनागरी होती. मराठी होती.

"काय लिहिलंय?" अण्णांनी विचारलं. त्यांना कन्नड वाचता यायचं. मराठी ते जन्मभर बोलले, पण वाचायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी शाळेतल्या हिंदीमुळे आणि अप्पांच्या मासिकांमुळे वाचू शकत होते.

मी वाचायला लागले. भोसल्यांचा वंश, कोण कुणाचा मुलगा, कोण कुठून निघाला, कुठे लढला, कुठे राहिला. जुन्या वळणाची लांबलचक वाक्यं, मी अडखळत होते. अण्णा माझ्या बोटाबरोबर अक्षरांवरून हात फिरवत सरकत होते. तामिळ मुलखात, दगडावर, आमच्या स्वयंपाकघरातली भाषा. बराच वेळ झाल्यावर ते म्हणाले, "बस कर. घसा बसेल तुझा." मग भिंतीला पाठ लावून खाली बसले.

"पुट्टी, म्हणजे आपण काय वाट चुकून इकडं आलेली माणसं नव्हेत."

"नाही अण्णा."

"पुण्याला मला तसं वाटलं हुतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मी हसले होते अण्णा. माझं चुकलं."

"ते गेलं," ते म्हणाले. "तू लहान हुतीस." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी साधी इरकली नेसले होते. "आज तुझ्या अंगावर माझं शिवण नाही. शिवणीकडं बघायचं कामच नाही. एक नाचून दाखव. आज मी तुलाच बघणार."

मी आईकडे बघितलं. आईने मान डोलावली. ना मृदंग, ना टाळ. आईने कृष्णाच्या बाळपणाचं एक घरगुती पद हलक्या आवाजात म्हटलं आणि त्या ओवरीत मी फक्त हातांनी आणि चेहऱ्याने ते केलं. यशोदा लोणी लपवते, मूल ते शोधून काढतं, एवढंच. पुजारी कोपऱ्यात उभा होता. पद संपलं तेव्हा अण्णांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"सात वर्षं मी काय बघत बसलो, पुट्टी?" ते म्हणाले. आणि मग हसायला लागले. आम्ही तिघंही हसलो.

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. यजमान हयवदनराव कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. आम्ही बसवनगुडीला बिऱ्हाड केलं. चौसष्टला मुलगी झाली, आणि त्यानंतर मी आजारी पडले. अंग सुजलं, वजन वाढलं. आरशात मला नर्तकी दिसेनाशी झाली. ट्रंक मी पलंगाखाली ढकलली. यजमान म्हणायचे, "पुन्हा सुरू कर." मी म्हणायचे, "काय घालून?" प्रश्न कपड्याचा नव्हता, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

एके दिवशी दुपारी अण्णा दारात उभे. शिवाजीनगराहून दोन बस बदलून आले होते. डोळ्यांना जाड चष्मा लागला होता. आईने त्यांना काहीतरी सांगितलं असणार. पाणी प्यायले, मुलीला मांडीवर घेतलं, आणि म्हणाले, "ट्रंक काढ."

"अण्णा, आता ते मला होत नाहीत."

"मी कुठं म्हटलं होतात? काढ म्हटलं."

मी ट्रंक ओढून काढली. त्यांनी आईच्या शालूचा तो पोशाख, जो नंतर त्यांनी एकदा वाढवून दिला होता, बाहेर काढला, उलटा केला आणि शिवण माझ्या समोर धरली.

"ही बघ माया."

शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना दुमडून ठेवलेलं कापड होतं. शिंपी त्याला मायाच म्हणतात. साधा शिंपी अर्धं बोट ठेवतो. इथे प्रत्येक शिवणीला भरपूर दोन बोटं होती. कंबरेला, छातीला, दंडाला.

"तू तेरा वर्षांची असताना ठेवलीया. वाढवून दिला तेव्हा पण सगळी वापरली नाही. पोरगी वाढणार, लग्न होणार, लेकरं होणार. नाचणारी बाई काय मापाला चिकटून बसती? कपड्यानं तयारी ठेवायची." त्यांनी टोपीतली सुई काढली आणि तिच्या टोकाने टाके उसवायला सुरुवात केली. "मला आता बारीक दिसत नाही. दोरा तू ओव."

मी दोरा ओवला. दुपारभर आम्ही बसलो होतो, ते बोटांनी चाचपून शिवत होते आणि मी सुया भरून देत होते. संध्याकाळी तो पोशाख माझ्या अंगाला बसला. अण्णांनी बैठक घ्यायला सांगितली. गुडघे कुरकुरले, मी घामाघूम झाले, पण पंखा उघडला.

"सरी, झालं," अण्णा म्हणाले. "बाकीचं मास्तर बघतील."

छासष्टच्या रामनवमीच्या मांडवात मी पुन्हा नाचले. त्यानंतर आजवर थांबले नाही. पुढे मीही मुलींना शिकवू लागले. माझ्या हातून जे काही झालं त्याचं श्रेय लोक माझ्या मास्तरांना देतात, आणि ते खरंच आहे. पण मास्तरांनी मला नाच दिला, तो माझ्याजवळ टिकवला तो या माणसाने. हे मी कधी व्यासपीठावरून बोलले नाही. तोंडावर बोलायला गेले असते तर त्यांनी विषय बदलून निऱ्यांवर आणला असता.

गुंडोअण्णा अडुसष्टच्या श्रावणात गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. चौदाव्या दिवशी मी चंद्राबाईंना भेटायला गेले, तर घरात आधीच चारजणी बसलेल्या. मी पोचल्यावर आणखी आल्या. मल्लेश्वरमच्या, जयनगरच्या, एक तर म्हैसूरहून आलेली. आम्ही अकराजणी झालो. सगळ्या नाचणाऱ्या, सगळ्यांची मापं त्यांनी घेतलेली. चंद्राबाई कुणालाच ओळखत नव्हत्या. त्या गोंधळल्या, मग सुनेला कॉफी टाकायला सांगितली.

कॉफी आली. मग म्हैसूरची मुलगी म्हणाली, "मला ते म्हणाले होते, तुझ्या पायाला ताल नाही, पण निऱ्यांना आहे. निऱ्यांकडून शिक." सगळ्या हसल्या. मग एकेक जण सांगू लागली. मी शीख म्हाताऱ्याची आणि घोड्याची गोष्ट सांगितली, काशीच्या विणकराची सांगितली. चंद्राबाई गुडघ्यावर हनुवटी टेकवून ऐकत होत्या.

"एवढं बोलायचे?" त्यांनी विचारलं. "घरात तर तोंडात सुई धरलेली असायची. मला वाटायचं, ह्यांना बोलायलाच येत नाही."

"आणखी सांग," मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "कलकत्त्यात काय केलं त्यांनी?"

सुनेने दुसऱ्यांदा कॉफी टाकली. मी कलकत्त्याचं सांगायला लागले.